कॉलनीच्या ओपन स्पेसमधे भाजीपाला करायचाय, सरकारी मदत कुठून मिळेल? (नाशिक)

पाथर्डीफाटेकर

नमस्कार मंडळी. आमची कॉलनी पाथर्डी फाट्याजवळ, जुना लेआऊट आहे, मधे साधारण दहा गुंठ्यांची ओपन स्पेस. तारेचं कंपाऊंड होतं त्यातले अर्धे पोल उरलेत, आत कमरेएवढं गाजरगवत, आणि आजूबाजूला कोणी घर रिनोव्हेट केलं की राडारोडा रात्रीतून तिथे येऊन पडतो, कोण टाकतं कोणालाच माहीत नसतं (म्हणजे सगळ्यांना माहीत असतं). आता आमच्यातल्या काही रिटायर्ड काकांनी आणि महिला मंडळाने मनावर घेतलंय की इथे सगळ्यांनी मिळून भाजीपाला लावायचा, वीसेक घरं तयार आहेत. वर्गणी काढू शकतो पण थोडीफार सरकारी मदत मिळाली तर बरं.

तर प्रश्न असा की जायचं कोणाकडे, कृषी विभाग का महापालिका? एका ऑफिसात विचारून आलो तर म्हणे सातबारा आणा. अहो रो हाऊसवाल्याकडे कुठला सातबारा! आणि व्हॉट्सअपवर फिरतंय की गच्चीवरच्या बागेला 75 टक्के अनुदान आहे, ते खरं का? ज्यांनी असं काही केलंय किंवा करायचा प्रयत्न केलाय त्यांनी प्लीज सांगा.

शेतकी_रिटायर

व्हॉट्सअपवरची बातमी खोटी नाही, फक्त आपली नाही. ती बिहार सरकारची 'छत पर बागवानी' योजना, पाटणा, गया, मुझफ्फरपूर, भागलपूर असल्या शहरांसाठी. 300 चौरस फुटांचं एक युनिट, खर्च साधारण 50 हजार धरायचा आणि त्यातले 75 टक्के सरकार देणार. केरळात कृषी भवनातून ग्रो बॅग आणि रोपं सवलतीत मिळतात, तमिळनाडूने पण 2013-14 च्या सुमारास चेन्नई आणि कोइमतूरला गच्चीवरच्या भाजीचे किट काढले होते. नाशिकच्या माणसाला यातल्या कशाचाच उपयोग नाही, त्यामुळे त्या लिंकवर आधार नंबर टाकत बसू नका.

आपल्याकडे कृषी खात्याच्या बहुतेक योजना महाडीबीटी या सरकारी ऑनलाईन पोर्टलवरून जातात, तिथे सातबारा, आठ अ आणि आता फार्मर आयडी लागतो. तुम्हाला सातबारा मागणारा तुम्हाला टोलवत होता असं नाही, त्याच्या स्क्रीनवर तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. फलोत्पादन अभियानात (2014-15 पासूनचं) 2025 च्या नव्या गाईडलाईन्समधे हायड्रोपोनिक्स, व्हर्टिकल फार्मिंग वगैरे आलंय, पण ते धंदा म्हणून करणाऱ्यासाठी आहे, वीस घरांच्या मेथी पालकासाठी नाही. उमेदवाले (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) बचत गटांच्या महिलांकडून पोषण परसबागा करून घेतात, चांगलं काम आहे पण ते गावाकडे, महापालिका हद्द लागली की संपलं.

मी खात्यात नोकरी केली म्हणून स्पष्ट सांगतो, अनुदानाच्या मागे लागू नका. दहा गुंठ्यातल्या भाजीला बियाण्याचा खर्च तो कितीसा, महिला मंडळाच्या एका भिशीत निघेल. खरा खर्च आहे राडारोडा उचलण्याचा, कुंपणाचा आणि पाण्याचा. आणि सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे ती जागा, ती तर तुमची नाहीच. या चारी गोष्टी महापालिकेच्या हातात आहेत आणि त्यातल्या एकीलाही 'शहरी शेती योजना' नावाची फाईल लागत नाही. पैसे मागू नका, जागा मागा, तीही कागदावर.

गंगापूररोडचा

जागा मागायला गेलात की ग्रीन जिम मिळेल. आमच्या इथे ओपन स्पेसमधे झाडं लावू द्या म्हणून कॉलनीने सह्यांचं पत्र दिलं होतं, आलं काय तर व्यायामाची मशीन्स. दोन पावसाळ्यात गंजली, आता त्यावर पोरं लोंबकळतात आणि आज्या गोधड्या वाळत घालतात. शुभेच्छा भो तुम्हाला.

नकाशेवाला

वरच्या भाऊंचं दुःख समजू शकतो. पण अर्ज कसा लिहिला यावर पण बरंच असतं. "झाडं लावू द्या" म्हटलं की ते पत्र नुसतं फिरत राहतं कारण त्यात करायचं काय आणि करणार कोण हेच लिहिलेलं नसतं.

पाथर्डीफाटेकर, तुम्ही आधी एक काम करा, ती ओपन स्पेस कोणाच्या नावावर आहे ते बघा. लोक गृहीत धरतात की ती महापालिकेची आहे, आणि कित्येक जुन्या लेआऊटमधे ती सातबाऱ्यावर अजून मूळ जागामालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर असते. नियम असा की 4000 चौरस मीटरपासून पुढच्या लेआऊटमधे 10 टक्के जागा मोकळी ठेवायची. तुमची दहा गुंठे असेल तर लेआऊट एक हेक्टरच्या आसपासचा असणार, हिशेब जुळतो. नगररचना विभागाकडून मंजूर अंतिम लेआऊटची प्रत मागवा, माहिती अधिकाराचा साधा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. सोबत त्या जागेचा सातबारा ऑनलाईन काढा. (म्हणजे सातबारा लागलाच शेवटी, पण दुसऱ्या कामासाठी.)

महापालिकेच्या नावावर निघाली तर 'भाडेपट्ट्याने द्या' हे शब्द अर्जात चुकूनही लिहू नका. भाडेपट्टा म्हटलं की महापालिका अधिनियमातलं कलम 79 आडवं येतं, मग किंमत ठरवा, प्रस्ताव करा, महासभेपर्यंत न्या, तुमचे काका तोपर्यंत थकतील. त्याऐवजी 'देखभालीसाठी' मागा. मालकी महापालिकेची, गेट सगळ्यांना उघडं, आम्ही फक्त जागा स्वच्छ ठेवून लागवड करू, पक्कं बांधकाम करणार नाही, सांगाल तेव्हा जागा मोकळी करून देऊ. अर्ज उद्यान विभागाला, एक प्रत महापालिकेच्याच सिडको विभागीय कार्यालयाला (तुमचा भाग तिकडेच येत असावा, खात्री करून घ्या). कॉलनीची रजिस्टर्ड सोसायटी किंवा मंडळ असेल तर त्याच्या लेटरहेडवर द्या, करार करायचा तर समोर कोणीतरी संस्था लागते, वीस घरांशी कोण करार करणार?

2022 च्या मार्चपासून महापालिकेवर प्रशासक होता तेव्हा प्रभागात विचारायला कोणी नव्हतं, आता नगरसेवक आहेत. त्यांना सोबत घ्या, पण उद्घाटनाचा बोर्ड लागायच्या आधी करार हातात घ्या.

मातीत_हात

मी सिडकोत राहते, आमच्या गल्लीत गच्चीवर आणि घरापुढच्या पट्ट्यात मिळून भाजी करतो, सरकारी रुपया एक नाही. तुम्हाला कागदाचं सगळे सांगतीलच, मी मातीचं सांगते कारण राडारोडा म्हणालात तिथेच माझ्या पोटात गोळा आला. वरचे तुकडे उचलले तरी सिमेंट, चुना, टाईलचा चुरा खाली राहतो आणि माती खारट चुनखड होऊन बसते, रोप येतं पण पिवळं पडून तसंच उभं राहतं. त्या कोपऱ्यात भाजी लावूच नका, तिथे खताचे खड्डे नाहीतर बसायचा कट्टा करा. बाकीच्या जागेची माती चार पाच ठिकाणची गोळा करून तपासून घ्या, जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा आहे, मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे गंगापूर धरणाच्या रस्त्याला. ही मदत सरकारीच आहे बरका, फक्त तिला कोणी योजना म्हणत नाही. केव्हीकेत परसबागेचं प्रशिक्षण कधी आहे तेही विचारा.

पहिल्या वर्षी जमिनीत लावायचा हट्ट नको. टोमॅटोचं 20 किलोचं जुनं कॅरेट घ्या, पिंपळगाव बसवंतच्या बाजूला कोणी ओळखीचा शेतकरी असेल तर तुटके कानाचे कॅरेट तो असेच देतो. आत खाली गोणपाट किंवा जुनी शेडनेट अंथरायची नाहीतर पाणी घातलं की सगळं जाळीतून बाहेर. मग रसवंतीवाल्याकडचं उसाचं चिपाड हाताने दाबून एक थर, त्यावर वाळका पालापाचोळा, मूठभर जुनं शेणखत, परत पालापाचोळा, आणि वरती फक्त चार बोटं माती. पाणी मारून आठवडाभर तसंच ठेवायचं, ते खचून अर्ध्यावर येतं तेव्हा परत भरायचं, मग रोप. लोक घाई करतात आणि ताज्या चिपाडात रोप लावतात, आतून गरम असतं ते, मुळं भाजतात. एवढं केलं की मेथी कोथिंबीर पालक काय वाट्टेल ते येतं. थंडीत तर आपल्या नाशकात पालेभाजीला तोड नाही. वाल पापडीला मात्र तुमचे उरलेले कुंपणाचे पोल द्या चढायला.

शेणखत पांजरापोळात विचारा. आणि तुमच्या तर उशाशी खतप्रकल्प आहे, गौळाणे रोडला! शहराच्या कचऱ्याचं खत 'हरित महासिटी कंपोस्ट' या सरकारी ब्रँडखाली विकायचं असं राज्याने 2017 मधे ठरवलंय, तिथे जाऊन भाव विचारून या. कुठल्याही शहराच्या खतात काचेचे बारीक तुकडे निघू शकतात म्हणून चाळून घ्यायचं, आणि ते फुलझाडं, वेल, शेवगा यांना घाला, पालेभाजीला घरचंच खत बरं.

पाथर्डीफाटेकर

बापरे, एवढी माहिती! सगळ्यांचे आभार. लेआऊटची प्रत मागवतोच. दोन शंका. एक म्हणजे पाणी, बोअर मारायला परवानगी लागेल का, नाहीतर पिण्याच्या पाण्याचं नळ कनेक्शन मागायचं का. आणि दुसरं, जागेचं लटकलं तर तोपर्यंत गच्चीवर माती टाकून वाफे केले तर चालतील का, दोघा तिघांच्या गच्च्या मोठ्या आहेत, एक फूट मातीचा थर द्यायचा विचार आहे.

आरसीसी

एक फूट माती?? थांबा थांबा. ओली माती घनमीटरला साधारण पावणेदोन टन धरा. एक फुटाचा थर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 500 किलोच्या वर. वावरायच्या गच्चीचा स्लॅब डिझाईन करताना आपण येणारा जाणारा भार म्हणून 150 किलो प्रति चौरस मीटर धरतो. पुढचं गणित तुम्हीच करा, आणि जुन्या रो हाऊसमधे डिझाईन केलंय का मिस्त्रीच्या अंदाजाने ओतलंय हा वेगळाच विषय. ताई म्हणतात तसं पालापाचोळ्याचं कॅरेट हे गच्चीसाठी उत्तम, मातीपेक्षा कितीतरी हलकं, तेही बीमच्या रेषेत भिंतीकडेने ठेवा, स्लॅबच्या मधोमध नाही. खाली विटा लावून उचलून ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही आणि वॉटरप्रूफिंग दिसत राहील. फ्लॅट असेल तर सोसायटीचा ठराव आधी घ्या, गळती कुठूनही झाली तरी आळ बागेवरच येतो.

पाण्याचं, पिण्याचं पाणी बागेला मागू नका, मार्चनंतर कोणीही बंद करेल आणि ते बरोबरच असेल. पावसाळ्यात आजूबाजूच्या गच्च्यांचं पाणी ओपन स्पेसमधल्या टाकीत किंवा खड्ड्यात घ्या. नवीन बोअर मारण्याआधी कॉलनीत कोणाचा चालू बोअर आहे का बघा, आठवड्यातून काही तास त्याचं पाणी मिळालं तरी दहा गुंठ्यातल्या निम्म्या लागवडीला ठिबकवर पुरतं.

गोदाकाठ

मलनिस्सारण केंद्राचं प्रक्रिया केलेलं पाणी टँकरने मागा की, आगरटाकळीला, तपोवनात एवढे प्लांट आहेत. फुकट वाया जातं.

मातीत_हात

दादा झाडांना, लॉनला जरूर घ्या. पण कोथिंबीर, मुळा, काकडी आपण कच्ची खातो, त्यावर ते पाणी नको. नासर्डी नदीच्या काठच्या भाजीबद्दल आपणच नाकं मुरडतो ना, मग स्वतःच्या बागेत तेच कशाला.

वकीलसाहेब_नाहीये

थोडा कडू घोट देतो. ओपन स्पेस ही सगळ्या प्लॉटधारकांची. वीस घरं भाजी करणार, बाकीच्यांचं काय? उद्या कोणीतरी म्हणणार की पोरांना खेळायला जागा नाही आणि यांची वांगी चाललीत, आणि तक्रार केली तर तो चूक नसेल. सुप्रीम कोर्टाने 1991 मधे बंगळुरूच्या एका केसमधे पार्कसाठी राखलेली जागा खासगी हॉस्पिटलला दिली होती ती रद्द केली, मोकळी जागा लोकांची असते हे तेव्हापासून पक्कं आहे. तुमचा भाजीपाला म्हणजे हॉस्पिटल नव्हे हे कळतं मला, पण कुलूप लावलं की सूर तोच लागतो.

म्हणून सांगतो, प्रत्येकी वाफा वाटून घेऊ नका. निम्मी जागा मोकळी, फिरायला आणि पोरांना, निम्म्यात सामायिक लागवड, आणि भाजी निघाली की कट्ट्यावर ठेवायची, जो काम करतो तो आधी घेतो, उरलेली कोणीही न्यावी. भाजी चोरीला जाते म्हणून रडायचं नाही, ते गृहीतच धरायचं. गणपतीचा मांडव कुठे पडतो ती जागा पण आधीच सोडा, नाहीतर सप्टेंबरात तुमच्या भेंडीवर मांडवाचे बांबू रोवले जातील.

लेस्टरहून_नाशिककर

माझं अगदी उलट मत आहे, सामायिक म्हटलं की शेवटी दोन माणसं राबतात आणि बाकीचे न्यायला येतात. इकडे इंग्लंडमधे अलॉटमेंट असतात, कौन्सिल जमीन ठेवते आणि घरटी तुकडा वर्षाच्या भाड्याने देते. पूर्ण तुकडा साधारण 250 चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे, आता बरेच ठिकाणी अर्धाच देतात. 1908 चा कायदा आहे, सहा रहिवाशांनी मिळून लेखी मागणी केली तरी कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. सरकार बियाणं देत नाही, खत देत नाही, फक्त जमीन राखून ठेवते आणि तुकडा ओसाड पडला तर काढून दुसऱ्याला देते, त्यामुळे माणूस कामाला येतोच. अर्थात वेटिंग लिस्ट काही ठिकाणी वर्षानुवर्षांची आहे, स्वर्ग नाहीये. पण "जमीन कायद्याने राखलेली" या एका गोष्टीवर शंभर वर्षांच्या वर चाललंय.

वकीलसाहेब_नाहीये

तिकडे ती जमीन अलॉटमेंटसाठीच राखलेली आहे हो, आपल्याकडे ती करमणुकीची मोकळी जागा म्हणून राखलेली आहे. फरक तिथेच आहे. आपल्या विकास आराखड्यात बाजार, शाळा, उद्यान यांच्या आरक्षणासारखं भाजीच्या वाफ्यांचं आरक्षण आलं तर मी पण उद्या वाफा मागेन. तोवर कुलूप नको.

शेतकी_रिटायर

दोघांचं घ्या की थोडं थोडं. काम घरटी वाटून द्या, वाफा नको. एकेका रांगेची जबाबदारी एका घरावर, पीक सगळ्यांचं.

बाई_शाळेतल्या

उशिरा लिहितेय. मंडळी तुम्ही सगळे ओपन स्पेसलाच धरून बसलात, पण जवळ महापालिकेची शाळा नाहीये का? शालेय पोषण आहारात (आता पीएम पोषण) परसबाग हा अधिकृत विषय आहे, 2019 मधे शाळेच्या पोषण बागेच्या केंद्राच्या सूचना आल्या आणि आपल्या राज्यात तर परसबाग स्पर्धा पण होतात, तालुका जिल्हा पातळीवर बक्षिसं असतात. शाळेला कुंपण असतं, पाणी असतं, जागेच्या मालकीचं भांडण नसतं, आणि निघालेली भाजी त्याच दिवशी मुलांच्या खिचडीत आमटीत जाते. अडचण एकच, मे महिन्यात आणि दिवाळीत शाळा बंद, तेव्हा पाणी घालायला कोणी नसतं आणि जूनला येऊन बघावं तर सगळं वाळलेलं. शिक्षकांच्या मागे हजार कामं असतात, आम्हाला अशीच माणसं हवी असतात, रिटायर्ड, सकाळी सहाला उठणारी, सुट्टीत पण येणारी.

तुमचे काका आणि महिला मंडळ शाळा व्यवस्थापन समितीला भेटून म्हणाले की सुट्टीतलं पाणी आमच्याकडे, तर मुख्याध्यापक चहा पाजतील. आणि पुढे ओपन स्पेसच्या अर्जाला शाळेचं पत्र जोडता येईल की ही माणसं अमुक परसबाग सांभाळतात. ते सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा जड पडतं.

नकाशेवाला

हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बाईंचं आधी करा.

गंगापूररोडचा

मान्य. शाळेत ग्रीन जिम बसवणार नाहीत, हाहा.

पाथर्डीफाटेकर

आज संध्याकाळी काकांना प्रिंट काढून दिली या सगळ्याची, दोघं तर लगेच शाळा बघायला निघाले होते, म्हटलं उद्या जा, आता वॉचमन असेल फक्त. ठरलं ते असं की शाळेचं आधी, त्याच सोबत लेआऊटच्या प्रतीचा अर्ज, आणि उद्यान विभागाचं पत्र नकाशेवाल्या दादांनी सांगितलं तसं 'देखभालीसाठी', निम्मी जागा मोकळी ठेवणार हे पत्रातच लिहून. गच्चीवरची एक फूट माती कॅन्सल, कॅरेट. आमच्याकडे लेटरहेडवाली संस्था नाही, महिला मंडळ रजिस्टर नाहीये, त्याचं काय करावं?

नकाशेवाला

शेजारच्या एखाद्या रजिस्टर्ड ज्येष्ठ नागरिक संघाला विचारा, बऱ्याच भागात असतो. नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडे संस्था नोंदवा, किमान सात सभासद लागतात. वेळ जाईल त्यात, म्हणून आजच सुरू करा. आणि काकांना म्हणावं मीटिंगच्या वहीत ठराव लिहायला विसरू नका, तारीख घालून.